हिटर गरम होत नाही? आधी पाइपांना हात लावा, मग पार्ट बदला



बारा-पंधरा वर्षं जुनी गाडी घेऊन गिऱ्हाईक येतं. "दिवाळीनंतर मनालीला चाललोय, हिटर चालतच नाही. बघा जरा." आपल्याकडे वर्षभर हिटरला कुणी हात लावत नाही, त्यामुळे बरेच जण इथे गडबडतात. अंदाजाने डॅशबोर्ड खोलतात, हिटर कोअर बदलतात. दोन दिवस जातात आणि हवा थंड ती थंडच! आता बिल कोण देणार?

एक गोष्ट डोक्यात पक्की करा. हिटर स्वतः उष्णता तयार करत नाही. इंजिनात तापलेलं कूलंट दोन पाइपांतून डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमध्ये फिरतं. तोच हिटर कोअर. ब्लोअर त्यावरून हवा मारतो. म्हणून प्रश्न तीनच: कूलंट तापतंय का? फिरतंय का? हवा पोचतेय का?

१. इंजिन थंड असताना लेव्हल बघा
गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, वाफेने हात भाजतो. कूलंट कमी असेल तर आधी गळती शोधा. नुसतं भरून गाडी सोडू नका. पाणी गंजलेलं, लालसर दिसलं तर कोअर चोंदलेला असण्याची शक्यता मोठी.

२. काटा कुठे थांबतो?
बराच वेळ चालवूनही टेंपरेचरचा काटा खालीच राहत असेल, तर थर्मोस्टॅटवर संशय घ्या. तो साधारण ८० ते ९० अंशांना उघडतो. गाडी सुरू केल्याकेल्या रेडिएटरचा वरचा पाइप हळूहळू कोमट होऊ लागला, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा तो तिथे नाहीच! "गाडी गरम होते" म्हणून मागे कुणीतरी तो काढून टाकलेला असतो. अशा गाडीत हिटर तर कमी लागतोच, डिझेल-पेट्रोलही जास्त जातं.

३. दोन पाइपांची परीक्षा
इंजिन तापवा, हिटरचा नॉब पूर्ण गरमवर ठेवा, मग इंजिन बंद करून दोन्ही हिटर पाइपांना अलगद हात लावा.

- दोन्ही गरम: कूलंट फिरतंय. दोष हवेच्या बाजूला. नॉबची केबल, आतला फ्लॅप, ब्लोअर बघा. ब्लोअर फक्त फुल स्पीडवर चालत असेल तर बहुतेक वेळा रेझिस्टर गेलेला असतो.
- एक गरम, दुसरा गार: कोअर चोंदलाय किंवा हिटरचा वॉल्व्ह बंद आहे. आधी वॉल्व्ह बघा. मग कमी दाबाच्या पाण्याने कोअर उलट बाजूने धुवा. जुने पाइप खेचू नका, कोअरची नळी तुटते.
- दोन्ही कोमट, पण काटा नॉर्मल: कूलंट कमी, एअरलॉक किंवा पाण्याचा पंप कमजोर. मागे कोअर गळला म्हणून कुणी पाइप परस्पर जोडून टाकलेत का, तेही तपासा.

इथे थांबा!
आत गोडसर वास, काचेवर चिकट धुकं, पुढच्या सीटखालचं कार्पेट ओलं: कोअर गळतोय. वारंवार कूलंट कमी होतंय, बाहेर गळती नाही आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे येतायत: हेड गॅस्केट तपासा. ही गाडी तशीच घाटात गेली तर इंजिन बसेल. गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा, "हिटर राहू द्या, आधी हे करावं लागेल."

आता धंद्याचं बोलू
ही तपासणी अर्ध्या-पाऊण तासाची आहे. तिचे पैसे वेगळे लावा आणि आधीच सांगा. "काम इथेच केलंत तर तपासणीचे पैसे बिलातून वजा" असं म्हटलं की सहसा कुणी कटकट करत नाही. जॉब कार्डवर लिहा: लेव्हल, काटा, दोन्ही पाइप, ब्लोअर. मग गिऱ्हाइकाचाच हात पाइपांना लावून दाखवा. एक गरम, एक गार हे त्याला स्वतःला कळलं की पुढचा खर्च समजावावा लागत नाही.

दोनशे रुपयांच्या केबलसाठी डॅशबोर्ड खोलणारा मेकॅनिक एकदाच कमावतो. खरं कारण सांगणाऱ्याकडे तेच गिऱ्हाईक मनालीहून परतल्यावर सर्व्हिसिंगला येतं.

पाइपांची परीक्षा व्हिडिओत करून दाखवली आहे. उद्या गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या एका गाडीवर करून बघा!