झाकणावरचं पाणी

मटण कच्चं असताना जेवढं चिवट नसतं, तेवढं ते चुलीवर अर्धा तास शिजल्यावर होतं. हे मला नवव्या वर्षी कळलं, चोरी करताना. टेंभुर्णीच्या आमच्या घरी रविवारी आजी चुलीवर पातेलं ठेवून भाकरीचं पीठ काढायला आत गेली, की मी पळी घालून एक फोड लंपास करायचो. दातांनी ओढावी तर निव्वळ रबर. आजी बाहेर येऊन माझ्या फुगलेल्या गालाकडं बघायची. "आरं, आत्ता रुसलंय ते. रुसवा निघू दे की."

हा रुसवा खरा असतो. कच्च्या मटणात वजनाचा जवळजवळ पाऊण हिस्सा पाणीच. आच लागली की पन्नास अंशांच्या आसपास स्नायूंच्या धाग्यांमधली प्रथिनं गोठायला लागतात. साठ-पासष्टला त्या धाग्यांभोवतीचं वेष्टन आखडतं आणि ओलं धोतर पिळावं तसं आतलं पाणी बाहेर काढतं. आपण म्हणतो, मटणाला पाणी सुटलं. म्हणून तर हळद, मीठ, आलं-लसूण लावून आधी ते अंगच्या पाण्यात शिजवायचं. त्या पाण्याचा पुढं जो रस्सा होतो, त्याला आमच्याकडं अळणी म्हणतात. वास्तविक त्यात मीठ चांगलं असतं, नसतं ते तिखट. पण हे नाव दुरुस्त करायला जाल तर वाटीभर रश्शाला मुकाल.

पिळणाऱ्या त्या वेष्टनाचं नाव कोलाजेन. ग्रीक भाषेत 'कोला' म्हणजे सरस, सुताराच्या डब्यात असायचा तोच, कातडी आणि हाडं उकळून केलेला. सरस जन्माला घालणारं ते कोलाजेन. त्याचा रेणू दिसतो कसा, हे कोडं जगभरचे शास्त्रज्ञ सोडवत होते. मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी १९५४ साली उत्तर मांडलं: तीन साखळ्या एकत्र. पुढच्याच वर्षी त्यांनी ते सुधारलं. तिन्ही साखळ्यांना आपापला पीळ आणि तिन्ही मिळून पुन्हा एक पीळ. ज्यानं गोठ्यात बसून दावं वळलंय त्याला आणखी सांगायला नको. तीन पेडांचं दावं! तिन्ही पेड इतके घट्ट बसलेले असतात, की आतल्या बाजूला सगळ्यात लहान अमिनो आम्लच मावतं. त्याचं नाव ग्लायसीन. म्हणून साखळीत दर तिसरी जागा त्याची.

हे दावं ओढून तुटत नाही, पण गरम ओल्यात हळूहळू उकलतं. सत्तरच्या पुढं पेड सुटे व्हायला लागतात, पाण्यात मिसळतात आणि त्यांचं जिलेटिन होतं. अडचण एवढीच, की स्नायू काही मिनिटांत कडक होतो आणि दावं उकलायला तास लागतात. एकाच पातेल्यात दोन कामं उलट दिशेनं चाललेली असतात. मधल्या वेळेत फोड दाबून पाहणाऱ्या नव्या सुनेचा धीर सुटला, तर तिचा काय दोष?

आता खाटकाकडं 'मान नको, खांदा नको, नुसती मांडी द्या' म्हणणाऱ्यांची मला कीव येते. जो भाग जन्मभर राबला, त्यात दावी जास्त. मान, खांदा, नळी आणि सगळ्यात जास्त पायांत. आमच्या शेजारच्या धाराशिवची काळी उस्मानाबादी शेळी बांधाबांधानं चरत फिरते, तिच्या अंगात हा ऐवज भरपूर. जनावर म्हातारं झालं की दाव्यादाव्यांमध्ये पक्क्या गाठी पडत जातात, त्या सहजी सुटत नाहीत. खाटीक मात्र प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, "कवळं हाय, एका उकळीत शिजंल."

उकळी म्हणजे तरी किती गरम? पावसाळा लागला की आमच्याकडची माणसं पेपरात आधी उजनीची पातळी बघतात. धरण भरलं की पाणी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटरवर असतं, हा आकडा शेंबड्या पोरालाही पाठ. आमची चूलही जवळपास त्याच उंचीवर. तिथं हवेचा दाब जरा कमी, म्हणून पाणी शंभराला नाही, साधारण ९८ अंशांनाच उकळतं. आणि एकदा उकळलं, की खाली कितीही लाकूड सारा, ते त्याच्या वर जात नाही. जास्तीची सगळी आच पाण्याची वाफ करण्यात जाते. रस्सा आटतो, चरबी घुसळून तो गढूळ होतो, मटण मात्र लवकर शिजत नाही.

आजीला यातला एकही आकडा माहीत नव्हता. तिचा थर्मामीटर कानात होता. पातेलं गदगदा उकळायला लागलं की ती भाकरी थापता थापता ओरडायची, "जाळ मागं ओढ." रटरट ऐकू आली की गप्प. उसाचं पाचट आमच्याकडं ढीगभर, पण मटणाच्या दिवशी ती ते चुलीजवळ येऊ द्यायची नाही. पाचट भडकतं आणि विझतं. बाभळीचं लाकूड निखारा धरतं, शेणी तर त्याहून संथ. पहिला जोर ओसरला की पातेलं वैलावर सरकायचं. चुलीच्या बाजूच्या त्या भोकाला जाळ थेट लागत नाही, नुसती धग पोचते.

पण खरी कमाल झाकणाची. झाकण म्हणजे काठाचं ताट आणि ताटात तांब्याभर पाणी. मला वाटायचं, झाकण उडू नये म्हणून वजन ठेवलंय. बारावीला प्रयोगशाळेत चंबूच्या वर काचेची नळी उभी केली, तिच्या बाहेरच्या कोटातून गार पाणी सोडलं आणि सर म्हणाले, वाफ वर जाईल, गार होऊन थेंब थेंब परत खाली येईल, तासन् तास उकळलं तरी द्रव आटणार नाही. मी त्या नळीकडं बघतच राहिलो. हे तर आजीचं ताट! वाफ ताटाच्या बुडाला लागते, आपली उष्णता वरच्या पाण्याला देते आणि थेंब होऊन पुन्हा रश्शात पडते. मसाल्याच्या वासाचाही बराचसा भाग तिच्याबरोबर परत फिरतो. ताटातलं पाणी तापतं, तेच मग पातेल्यात ओतायचं, कारण गार पाण्यानं उकळी मोडते. आणि ताटातून जोरात वाफा निघायला लागल्या तर समजावं, जाळ जास्त झाला. एका ताटात तीन उपकरणं.

कुकरचं मी वाईट बोलणार नाही, आठवडाभर तोच माझा आधार आहे. त्याचा जन्मही मुळात याच कामासाठी झाला. दनी पापँ या फ्रेंच माणसानं १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीत आपलं यंत्र दाखवलं, ते हाडं मऊ करण्याचं. आत वाफ कोंडायची, दाब वाढवायचा. फुटू नये म्हणून त्यानं वजन लटकवलेली झडप बसवली, ती आपल्या शिट्टीची पणजी. १६८२ मध्ये सोसायटीच्या सदस्यांना त्यानं त्यात रांधून जेवूही घातलं. कुकरमध्ये पाणी १२० अंशांपर्यंत चढतं, तीन तासांचं काम अर्ध्या-पाऊण तासात उरकतं. फक्त झाकण उघडून ऐकता, हुंगता, दाबता येत नाही. एक शिट्टी जास्त झाली की हाड एकीकडं, मांस एकीकडं.

आणि काळं तिखट? त्याची जातच वेगळी. कांदा-खोबरं काळपट होईपर्यंत भाजल्यावर जो वास सुटतो, त्यामागची क्रिया लुई कामीय मायार यानं १९१२ साली वर्णन केली. ती जोमानं चालायला १४० अंशांच्या पुढची आच लागते. म्हणजे ९८ अंशांच्या पातेल्यात ती जन्मात रंगात येणार नाही. म्हणून मसाला कोरडा, तव्यावर आणि वेगळा. तो तेलात परतला की मिरचीचा लाल रंग आणि तिखटपणा दोन्ही तेलात उतरतात, पाण्याशी त्यांचं जमत नाही. तीच वर तरंगणारी तर्री. येसूर, म्हणजे भाजलेल्या धान्याचं पीठ, पडला की रस्सा दाट होतो, त्यात कडक भाकरी कुस्करायची आणि बोलणं बंद.

मार्गशीर्षातल्या सकाळी मात्र उरलेलं पातेलं उघडून बघावं. वर पिवळट-पांढरा थर, ती चरबी. तो चमच्यानं बाजूला केला की खाली रस्सा गोठलेला, पातेलं हलवलं की थरथरणारा. घरोघरी त्यालाही चरबीच समजतात. ती चरबी नव्हे. कालची उकललेली दावी रात्रीच्या गारठ्यात पुन्हा एकमेकांत गुंतलीत आणि त्यांच्या जाळ्यात पाणी अडकलंय. तोंडात घेतला की तो गोळा आपोआप वितळतो, अंगाची ऊब त्याला पुरते. आजी तो गरम करायची नाही. शिळ्या भाकरीवर थापायची आणि अर्धी भाकरी माझ्यासाठी उतरंडीच्या मागं लपवून ठेवायची.