चित्रगोधडी

भिंतीवरील चित्र आपण समोरून पाहतो. रांगते मूल मात्र अंथरलेल्या चित्राच्या मधोमध बसते. म्हणून त्याच्या खेळासाठी गोधडी शिवावयाची, तर चित्राला एकच वरची बाजू ठेवून चालत नाही. सारीपाट पाहा! खेळाडू चारी बाजूंनी बसतात; पण तो कोणालाच उलटा दिसत नाही.

समजा, दाभोळच्या एखाद्या घरी अशी गोधडी करावयाची आहे. जुन्या, मऊ लुगड्यांचे थर एकावर एक घालून मधून वाशिष्ठीचा निळा पट्टा न्यावा. उत्तरतीरी दाभोळ, दक्षिणतीरी धोपावे. दाभोळकडे सतराव्या शतकातील मशिदीचा घुमट, धोपाव्याकडे घरे आणि दोहींकडे माड. माडांचे बुंधे नदीकडे व शेंडे काठाकडे असावेत. म्हणजे नदीत बसलेले बाळ कोणत्याही तीराकडे वळले, तरी त्याला झाडे उभीच दिसतील. 2003 पासून या खाडीत चालणारी फेरीबोट मात्र मोठी आणि सुटी शिवावी. ती पैलतीरी नेणे हाच तर खेळ!

माशांच्या डोळ्यांसाठी मणी लावण्याचा मोह होतो. पण मूल प्रत्येक वस्तूची पहिली परीक्षा तोंडाने घेते! डोळे दोऱ्यानेच भरावेत. ओले कापड पांढऱ्या फडक्यावर घासून रंग पक्का आहे ना, हे आधीच पाहावे. धावदोरा दाट घालावा; सैल टाक्यात इवलेसे बोट अडकते.