चहाचा चोथा जातो कुठे?

आपल्याकडे चहा ‘करतात’ म्हणजे उकळतात. सीटीसीची दाणेदार पावडर, साखर, आलं, गवती चहा, दूध घालून रंग चढेपर्यंत सगळं गॅसवर. सीटीसी त्यासाठीच बनते. पानाचा चहा असा उकळला तर काढा होतो. दार्जिलिंगची पत्ती असेल तर पाण्याला उकळी आली की गॅस बंद करून मिनिटभर थांबावं. कपामागे अडीच ग्रॅम, म्हणजे चमचाभर पत्ती घालून वर झाकण ठेवावं. झाकण नसलं की निम्मा वास वाफेबरोबर स्वयंपाकघरात जातो. पत्ती आधी तरंगते, मग भिजून खाली बसते आणि वळलेली पानं उलगडतात. तीन मिनिटांनी गाळलंच पाहिजे. पत्ती पाण्यात राहिली तर टॅनिन उतरत राहतं आणि जीभ आवळते. तीच पत्ती दुसऱ्यांदा चालते, फक्त वेळ थोडा वाढवावा.

गाळण्यात उरतो तो चोथा. बहुतेक घरांत तो थेट गुलाबाच्या कुंडीत जातो, आणि मला हे अजिबात पटत नाही. त्याचा थर वाळून कडक होतो, खाली पाणी मुरत नाही, वर बुरशी धरते. त्याची जागा कंपोस्टच्या बादलीत. चोथ्याच्या सुक्या वजनात सुमारे 4 टक्के नायट्रोजन असतो. म्हणून रंगाने तपकिरी असला तरी त्याला भाजीच्या देठांसारखा ओला कचराच समजायचं. दुधाच्या चहाचा चोथा मात्र नळाखाली धुऊन घ्यावा, नाहीतर मुंग्या आणि आंबूस वास ठरलेला.

बादलीला बुडाशी आणि बाजूंनी भोकं पाडून तळाला नारळाच्या शेंड्या घालाव्यात. रोजचा ओला कचरा बारीक चिरून टाकावा आणि त्यावर किमान दुप्पट वाळका पाचोळा. जीवाणूंना नायट्रोजनच्या पंचवीस-तीस पट कार्बन लागतो, तो पाचोळ्यातून मिळतो. विरजणाला मूठभर जुनं खत किंवा आंबट ताक. ओल किती हवी? मूठभर माल घट्ट पिळावा. एखाद-दुसरा थेंब आला तर ठीक, धार लागली तर पाचोळा वाढवून ढवळावं. सडका वास येतो तो हवा कमी पडल्याने. पांढरी बुरशी दिसली तर उत्तमच. राखाडी, जाड अळ्या दिसल्या की घरात आरडाओरडा होतो, पण त्या बहुधा सोल्जर माशीच्या असतात. त्या चावत नाहीत आणि कचरा झपाट्याने संपवतात.

दोन-तीन महिन्यांत माल काळा आणि भुसभुशीत होतो. चाळून घ्यावा, वर राहिलेल्या कोयी आणि काड्या पुन्हा बादलीत.

टीबॅग मात्र अख्खी टाकू नका. अनेक पिशव्यांत प्लास्टिक असतं. अशा पिशव्यांमधून गरम पाण्यात अब्जावधी सूक्ष्म कण सुटतात, हे 2019 मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं. पिशवी फाडून पत्ती तेवढी बादलीत घाला, पिन आणि कापड सुक्या कचऱ्यात. त्यापेक्षा सुटी पत्तीच आणा, चवीलाही तीच बरी.