नळ रिकामे करून निघायचं

कॅलगरीतल्या मराठी माणसाचं भारतात जाणं बहुतेक डिसेंबर-जानेवारीतच पडतं. मुलांना नाताळची सुट्टी, तिकडे लग्नसराई, हवाही बरी. आणि नेमका तोच काळ इथलं घर एकटं सोडायला सगळ्यात वाईट. जानेवारीत रात्री उणे पंधरा म्हणजे नेहमीचंच. मधूनच आठवडाभर उणे तीस होतं.

सांगलीच्या जाऊबाई दर वेळी फोनवर विचारतात, "एवढे दिवस कुलूप, चोरीबिरी नाही ना व्हायची?" मी म्हणते, "वहिनी, चोर नेऊन नेऊन टीव्ही नेईल. मला भीती नळाची." त्यांना वाटतं मी थट्टा करतेय.

पाणी गोठलं की साधारण नऊ टक्के फुगतं, हे शाळेत शिकलेलं असतं. त्यापुढचं मला इथे आल्यावर कळलं. पाइप बहुधा बर्फाच्या जागी फुटत नाही. पाइपात बर्फाचं बूच बसतं आणि ते वाढत गेलं की बूच आणि बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्यावर दाब चढत जातो. फुटतो तो तिथे. म्हणून कडाक्याच्या रात्री इथली माणसं बाहेरच्या भिंतीकडचा नळ बारीक धारेने चालू ठेवतात. पाण्याला वाट असली की दाब चढत नाही. फुटल्याचं कळतं मात्र बर्फ वितळल्यावर. आमच्या ओळखीतल्या एका घरी सिंकखालचा पाइप असाच गेला. माणसं पुण्यात होती. स्वयंपाकघरातली लाकडी जमीन फुगून वर आली होती आणि पाणी खाली बेसमेंटच्या छतातून गळत होतं.

त्यांना विम्याचे पैसे मिळाले नाहीत, आणि हे इथल्या प्रत्येकाने वाचून ठेवावं असं आहे. आमच्या पॉलिसीत, आणि इथल्या बऱ्याच पॉलिसींत, एक कलम असतं: थंडीच्या मोसमात सलग चार दिवसांहून जास्त घर रिकामं राहणार असेल, तर एक तर कुणी जबाबदार माणसाने रोज आत येऊन घर गरम आहे ना ते बघायचं, नाही तर पाणी बंद करून पाइप रिकामे करायचे. दोन्ही केलं नसेल तर गोठून झालेलं नुकसान तुमचं तुम्ही बघा. आम्ही दोन्ही करतो.

पाणी काढणं हे निघायच्या दिवसाचं काम. आंघोळी, भांडी, शेवटचं धुणं उरकल्यावरचं. बेसमेंटमध्ये मीटरशेजारी मुख्य कॉक असतो. तो बंद करण्याआधी गरम पाण्याच्या टाकीचा गॅस अगदी मंदावर न्यायचा, त्यासाठी टाकीवर वेगळी खूणच असते. मग तो बंद करून वरच्या मजल्यावरचे सगळे नळ, गार आणि गरम दोन्ही, उघडायचे आणि शेवटी बेसमेंटमधला सगळ्यात खालचा. वर हवा शिरते, खाली पाणी उतरतं. पहिल्यांदा धार जोरात येते, मग बारीक होते, मग नळ खाकरायला लागतो, एक गुळणी टाकतो, थांबतो, पुन्हा एक टाकतो. वरच्या बाथरूममधून हवा आत ओढल्याचा आवाज येतो. तो थांबेपर्यंत जिना चढ-उतार करायची. फ्लश दाबून टाक्या रिकाम्या करायच्या आणि तळाचं पाणी स्पंजने टिपायचं. बागेचा नळ आणि त्याची रबरी नळी यांचं काम ऑक्टोबरातच झालेलं असतं.

बेसिनखालच्या वाकड्या पाइपातलं पाणी मात्र काढायचं नाही. गटाराचा वास तेच अडवतं. घर गरम ठेवणार असाल तर ते गोठत नाही, पण कोरड्या हवेत आटतं; वर चमचाभर गोडेतेल सोडलं की आटणं लांबतं. घर तापवणारी फर्नेस बंदच करून जाणाऱ्यांनी तिथे गुलाबी अँटीफ्रीझ ओतावं, केबिनवाले आणि कॅम्परवाले वापरतात ते. गाडीचं हिरवं नव्हे, ते विषारी. तेलाची युक्ती बंद फ्लॅटलाही लागू आहे. माझ्या बहिणीच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये नहाणीचा ट्रॅप उन्हाळ्यात सुकतो आणि त्या वाटेने झुरळं वर येतात. मी तिला तेल सांगितलं, तिने तूप विचारलं.

फर्नेस आम्ही चौदावर ठेवतो. फिल्टर नवा घालायचा, आणि घराबाहेर भिंतीतून निघणाऱ्या फर्नेसच्या दोन पांढऱ्या नळ्या बर्फाने बुजणार नाहीत हे कुणीतरी पाहायला हवं. बुजल्या की फर्नेस आपोआप बंद पडते. ती गॅसवर चालत असली तरी तिचा पंखा विजेवर. १३ जानेवारी २०२४ ला कडाक्याच्या थंडीत आमच्या अल्बर्टा प्रांतात वीज इतकी अपुरी पडू लागली, की सरकारने संध्याकाळी सगळ्यांच्या मोबाइलवर आणीबाणीचा संदेश पाठवला: नको ते दिवे बंद करा. लोकांनी केले, मागणी झपाट्याने उतरली आणि वीज गेली नाही. त्या थंडीत काही तास गेली असती तर चौदाचे चार व्हायला कितीसा वेळ लागला असता! नवऱ्याला कॅमेरा आणि मोबाइलवरच्या तापमानाचं फार कौतुक आहे. असू दे. कॅमेरा पूर दाखवेल, कॉक फिरवणार नाही.

त्यासाठी शेजारचे आजोबा. रोज सकाळी येतात आणि फ्रिजवर लावलेल्या कागदावर तारीख, वेळ, आतलं तापमान लिहितात. विमावाल्यांना दाखवायला हाच पुरावा. फुटपाथवरचा बर्फही तेच काढतात. बर्फ थांबल्यापासून चोवीस तासांत तो निघाला पाहिजे असा इथल्या महापालिकेचा नियम आहे. घरमालक परदेशी आहे ही सबब चालत नाही. आपली दुसरी गाडी ते आमच्या दारात लावतात, म्हणजे चाकांचे माग दिसतात. मोबदला म्हणून काही घेत नाहीत, लिंबाचं लोणचं सोडून.

फ्रीझरमध्ये वाटीभर बर्फावर एक नाणं ठेवून जायचं. परत आल्यावर नाणं तळाशी दिसलं तर मधे वीज बराच वेळ गेली होती आणि आतलं सगळं फेकायचं. तुळस, कढीपत्ता आणि बाळकृष्ण मैत्रिणीकडे. कढीपत्त्यासोबत सूचनांची चिठ्ठी जाते, देवासोबत नाही.

आल्यावर घाई करायची नाही. सगळे नळ थोडे उघडे ठेवून मुख्य कॉक अगदी हळू फिरवायचा आणि एकाने वर, एकाने खाली कुठे ओल दिसतेय का बघत उभं राहायचं. नळ फुसफुसतात, हवेबरोबर गढूळ पाणी थुंकतात, मग सरळ होतात. टाकी भरून गरम नळाला अखंड धार लागल्याशिवाय तिचा गॅस वाढवायचा नाही. रिकामी टाकी तापली तर नवी घ्यावी लागते. मग थोडं पाणी वाहू द्यायचं आणि चहाचं आधण ठेवायचं. चहा कोराच, कारण फ्रिज आपणच रिकामा केलेला असतो.