प्लूटोचा निकाल कोणी लावला?

प्लूटोचं ग्रहपद 2006 साली गेलं. ते कोणी काढून घेतलं असं विचारलं, की बहुतेक जण 'नासा' असं सांगतात. हे चूक आहे. नासा ही अमेरिकी सरकारची संस्था. प्लूटोचा निर्णय घेतला तो आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाने, म्हणजे आयएयूने. हा संघ 1919 साली ब्रुसेल्समध्ये स्थापन झाला, त्याचं सचिवालय पॅरिसला आहे आणि तो संयुक्त राष्ट्रांचाही भाग नाही. त्याचे सदस्य दोन प्रकारचे: 80 हून अधिक देश आणि 12 हजारांहून अधिक खगोलशास्त्रज्ञ. देशाच्या वतीने सहसा तिथली विज्ञान अकादमी सदस्य असते. भारतासाठी ही जबाबदारी भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीकडे आहे.

'जो देश जास्त पैसे देतो, त्याचंच चालतं'

संघ मुख्यतः देशांच्या वर्गणीवर चालतो, त्यामुळे ही शंका येणं स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती अशी, की मताचा अधिकार विषयानुसार बदलतो. अर्थसंकल्पाच्या प्रश्नावर देश मत देतात आणि वरच्या वर्गणी-श्रेणीतल्या देशाला जास्त मतं मिळतात. पैशाशी संबंध नसलेल्या प्रशासकीय प्रश्नावर मात्र लहानमोठ्या प्रत्येक देशाला एकच मत. आणि प्रश्न मुळात वैज्ञानिक असेल तर देशांना मतच नसतं. तिथे फक्त खगोलशास्त्रज्ञ वैयक्तिक सदस्य म्हणून मत देतात. पैसा आणि विज्ञान यांच्यातली ही भिंत मला संघाच्या घटनेतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

'चार जणांनी बंद खोलीत ठरवलं'

खरा इतिहास नेमका उलटा आहे. ग्रहाची व्याख्या सुचवायला सात जणांची समिती नेमली होती. विज्ञानेतिहासाचे अभ्यासक ओवेन जिंजरिच तिचे अध्यक्ष होते. समितीचा मसुदा मान्य झाला असता तर ग्रहांची संख्या बारा झाली असती आणि प्लूटो त्यांत राहिला असता. प्रागच्या सर्वसाधारण सभेत आठवडाभर या मसुद्यावर उघड वाद झाला, सदस्यांनी तो जवळजवळ उलटवला आणि 24 ऑगस्टला नवा मसुदा मताला आला. व्याख्येच्या ठरावाला इतकं स्पष्ट बहुमत मिळालं की मतं मोजावी लागली नाहीत. प्लूटोसंबंधीच्या पुढच्या ठरावावर मात्र मोजणी झाली: 237 बाजूने, 157 विरुद्ध, 30 तटस्थ.

यातला एक आक्षेप मात्र रास्त आहे. तेव्हा सदस्य नऊ हजारांच्या आसपास होते आणि सभागृहात हजर असलेल्यांनाच मत देता येत होतं. ही उणीव पुढे दूर झाली. विश्वाच्या प्रसरणाच्या नियमाला 'हबल-लमेत्र नियम' म्हणावं, या 2018 च्या ठरावावर जगभरच्या सदस्यांनी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने मतदान केलं. 4060 मतं पडली आणि त्यांतली 78 टक्के अनुकूल होती.

'अध्यक्ष म्हणेल ती पूर्व दिशा'

सर्वसाधारण सभा दर तीन वर्षांनी भरते आणि सर्वोच्च अधिकार तिचा. अध्यक्षाची मुदतही एका सभेपासून पुढच्या सभेपर्यंतच असते. मधल्या काळात कार्यकारी समिती कारभार पाहते, रोजचा भार महासचिवावर असतो. वैज्ञानिक काम विभाग आणि आयोगांतून चालतं. भारतीयांनी या रचनेत मोठा वाटा उचलला आहे: वेणू बाप्पू 1979 मध्ये अध्यक्ष झाले, 1985 ची सभा दिल्लीत भरली आणि 1994 ते 1997 या काळात विश्वरचनाशास्त्र आयोगाचं अध्यक्षपद जयंत नारळीकरांकडे होतं.

'पैसे भरले की ताऱ्याला आपलं नाव मिळतं'

हा गैरसमज लोकांच्या खिशाला चाट लावतो. संघ ताऱ्यांची नावं विकत नाही, इतर कोणाला तसा परवानाही देत नाही. त्याच्या ठरावांना कायद्याचं बळ नसतं; जगभरचे शास्त्रज्ञ ते मानतात म्हणून ते चालतात. विकत घेतलेलं नाव त्यांच्यापैकी कोणीच वापरत नाही. सर्वसामान्यांना नाव सुचवायची संधी मिळते ती संघाच्या विनामूल्य स्पर्धांतून. 2019 च्या अशाच उपक्रमात भारताच्या वाट्याला आलेल्या ताऱ्याला भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरींवरून 'बिभा' हे नाव मिळालं आणि त्याच्या ग्रहाला 'संतमस'. ग्रहाचं नाव सुचवलं होतं पुण्यातल्या एका शाळकरी मुलाने. तेव्हा वाढदिवसाला तारा भेट द्यायची जाहिरात दिसली तर पैसे जपून ठेवा आणि पुढची स्पर्धा जाहीर झाली की घरातल्या मुलांना नाव सुचवायला सांगा.