न्यायाधीश जॉन सिरिका : न्हाव्याचा मुलगा आणि राष्ट्राध्यक्षांच्या ध्वनिफिती

अमेरिकेतील संघीय जिल्हा न्यायाधीश म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर आपल्याकडील जिल्हा न्यायाधीश उभे राहतात. साम्य मात्र नावापुरतेच. तेथील या न्यायाधीशांची नियुक्ती राष्ट्राध्यक्ष करतात, सिनेट तिला संमती देते आणि त्यानंतर ते आजीव त्या पदावर राहू शकतात. महाभियोगावाचून त्यांना कोणी दूर करू शकत नाही, त्यांचे वेतनही कमी करता येत नाही. या तरतुदीचे मोल काय, हे न्यायाधीश जॉन सिरिका यांच्या चरित्रातून उत्तम प्रकारे उमगते.

१९ मार्च १९०४ रोजी, म्हणजे संत योसेफाच्या सणाच्या दिवशी, कनेक्टिकट राज्यातील वॉटरबरी येथे एका कॅथलिक कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील इटलीहून आलेले, व्यवसायाने न्हावी. कायद्याचा अभ्यास अवघड वाटल्याने सिरिकांनी दोनदा शिक्षण सोडले. अखेर मुष्टियुद्ध शिकवून खर्च भागवत त्यांनी १९२६ मध्ये येशूसंघीयांच्या जॉर्जटाऊन विद्यापीठातून पदवी घेतली. जगज्जेता मुष्टियोद्धा जॅक डेम्प्सी त्यांचा जिवलग मित्र होता. १९५७ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्यांना वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयात नेमले. उपराष्ट्राध्यक्ष तेव्हा रिचर्ड निक्सन होते, आणि सिरिका त्याच रिपब्लिकन पक्षाचे जुने कार्यकर्ते! कठोर शिक्षांमुळे वकीलमंडळी त्यांना ‘मॅक्सिमम जॉन’ म्हणत.

१७ जून १९७२ रोजी वॉटरगेट इमारतीतील डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात शिरलेले पाच जण पकडले गेले. जानेवारी १९७३ मध्ये सात आरोपींचा खटला सिरिकांपुढे चालला. पाच जणांनी गुन्हा कबूल केला, दोघांना ज्यूरीने दोषी ठरविले. परंतु यांना पाठविले कोणी? सिरिका स्वतःच साक्षीदारांना प्रश्न विचारू लागले. २३ मार्चला त्यांनी आरोपी मॅकॉर्ड यांचे पत्र भर न्यायालयात वाचून दाखविले. आरोपींवर गप्प राहण्यासाठी दडपण होते व खोट्या साक्षी झाल्या होत्या, असे त्यात नमूद होते. त्याच दिवशी चौघांना प्रत्येकी ४० वर्षांची तात्पुरती शिक्षा सुनावण्यात आली. तपासास सहकार्य केल्यास ती कमी होण्याची शक्यता होती, आणि पुढे ती बरीच कमी झालीही.

हे योग्य होते काय? शिक्षेचा धाक दाखवून माणसाला बोलते करणे हे न्यायासनाचे काम नव्हे, असा आक्षेप कायदेपंडितांनी घेतला. आम्हालाही तो वजनदार वाटतो. हेतू शुद्ध असला तरी साधन शुद्ध ठरत नाही, हे आम्ही सेमिनरीतच शिकलो. तथापि वरिष्ठ न्यायालयाने दोषसिद्धी कायम ठेवली.

जुलैमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयातील संभाषणे ध्वनिमुद्रित होत असल्याचे उघड झाले. २९ ऑगस्ट १९७३ रोजी सिरिकांनी निक्सन यांना ध्वनिफिती हजर करण्याचा आदेश दिला. अपील फेटाळले गेले. २० ऑक्टोबरला निक्सन यांनी विशेष अभियोक्ता कॉक्स यांनाच पदच्युत करविले, देशभर संताप उसळला आणि तीनच दिवसांनी त्यांच्या वकिलाने सिरिकांपुढे उभे राहून आदेशपालनाचे आश्वासन दिले. एका फितीतील साडेअठरा मिनिटे मात्र पुसलेली निघाली!

२४ जुलै १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी फिती देण्याचा सिरिकांचा आदेश ८ विरुद्ध ० मतांनी उचलून धरला. ९ ऑगस्टला निक्सन पायउतार झाले. त्यांच्या निकटच्या सहकाऱ्यांचा खटलाही सिरिकांनीच चालविला. १ जानेवारी १९७५ रोजी माजी महान्यायवादी मिचेल यांच्यासह चौघे दोषी ठरले.

१९८६ पर्यंत सिरिका न्यायालयाशी संबंधित राहिले. १४ ऑगस्ट १९९२ रोजी वयाच्या ८८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.