ग्रहणाचे गणित ठाऊक, तरीही वेध पाळले जातात. समजुतींचे मूळ केवळ अज्ञानात नाही

होसकोटे (बेंगळुरू) : लडाखमधील हानले येथे सुमारे ४,५०० मीटर उंचीवर उभी असलेली हिमालयीन चंद्रा दुर्बीण होसकोटे येथील भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या केंद्रातून उपग्रहाद्वारे चालविली जाते. ग्रहणाची वेळ सेकंदापर्यंत वर्तविणारे शास्त्र देशात रुजले आहे. तरीही ७ सप्टेंबर २०२५ च्या खग्रास चंद्रग्रहणावेळी अनेक मंदिरांचे दरवाजे बंद राहिले आणि असंख्य घरांत वेध पाळले गेले.

अज्ञान हेच याचे एकमेव कारण नाही. ग्रहण हा छायेचा परिणाम असल्याचे आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये सांगितले होते. ब्रह्मगुप्ताला ग्रहणगणित उत्तम अवगत होते. तरी त्याने राहूची कल्पना नाकारणाऱ्यांवर टीका केली. अकराव्या शतकात अल्बेरुनीने या विसंगतीवर बोट ठेवले आणि सॉक्रेटिसच्या वाट्याला आलेल्या संकटाची आठवण करून दिली. ज्ञान असले, तरी समाजाविरुद्ध उभे राहणे सोपे नसते.

घरातही हेच घडते. वेध पाळण्याची किंमत एका वेळच्या जेवणाएवढी वाटते. ते मोडले आणि बाळाचा ओठ दुभंगलेला निघाला, तर दोष आईच्या माथी येतो. वेध न पाळताही सुखरूप जन्मलेल्या बाळांची मोजदाद मात्र कोणी ठेवत नाही. सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहणे खरोखरच घातक असते. या एका सत्याच्या आधारे इतर निर्बंधही खरे वाटू लागतात. चंद्रग्रहण पाहण्यात मात्र कोणताही धोका नाही.

तथापि, गर्भवती किंवा मधुमेही व्यक्तीसाठी दीर्घ उपवास निरुपद्रवी नसतो. सर्पदंशात तर हीच विचारपद्धती जिवावर बेतते. अनेक साप बिनविषारी असतात. विषारी सापाच्या प्रत्येक दंशातही विष भिनतेच असे नाही. असे रुग्ण उपचाराविना वाचतात आणि श्रेय मांत्रिकाला मिळते. दगावलेल्यांचा दोष मात्र नशिबावर जातो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू झाले. विष भिनलेल्या रुग्णाला प्रतिविष वेळेत मिळणे, हाच तेथे निर्णायक मुद्दा ठरतो.

म्हणूनच महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने सर्पदंश झालेल्या व्यक्तीला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे गुन्हा ठरविले. कर्नाटकनेही २०१७ मध्ये अघोरी प्रथांविरुद्ध कायदा केला. मात्र कायदा कृतीला आवर घालतो. मनातील भीती त्याने जात नाही. उपहासाने माणूस आपल्या समजुतीला अधिकच घट्ट धरतो. कुटुंबाचा विश्वास असलेल्या डॉक्टरांनी किंवा शिक्षकांनी भीतीची दखल घेऊन दिलेले स्पष्टीकरण ऐकले जाण्याची शक्यता अधिक असते. नियम मोडणाऱ्यावर दोष येणार नाही, ही हमी मात्र घरच्यांनीच द्यावी लागते.